दुसरा प्रश्न कोण विचारणार?

17 मार्च 2021 रोजी बीड जिल्ह्यातल्या अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून जिल्हा प्रशासनाला एक पत्र गेले. कोरोनाच्या पहिल्या लाटेत रुग्णालयाकडे पाच रुग्णवाहिका होत्या, त्यांतल्या तीन नंतर काढून घेतल्या गेल्या, उरलेल्या दोन पुरत नाहीत, आणखी तीन द्या, अशी मागणी होती. 6 एप्रिलला अंबाजोगाईत आठ मृतदेहांना एकाच सरणावर अग्नी द्यावा लागला. 25 एप्रिलला याच रुग्णालयातून 22 मृतदेह एका रुग्णवाहिकेत एकावर एक रचून स्मशानभूमीकडे नेले गेले. ते फोटो देशभर गेले. फोटो काढणाऱ्या नातेवाइकांचे मोबाइल पोलिसांनी काढून घेतल्याचा आरोपही तेव्हा झाला.

त्या रात्रीपासून पुढचे दोन-तीन दिवस पत्रकारांनी प्रशासनाला धारेवर धरले, यात शंका नाही. अधिष्ठात्यांना विचारले गेले, नगरपालिकेला विचारले गेले, जिल्हाधिकाऱ्यांनी चौकशी लावली. रुग्णालय म्हणाले, मृतदेह स्थानिक संस्थेच्या ताब्यात देणे एवढेच आमचे काम. 17 मार्चचे पत्र सर्वदूर कळले तेही या खुलाशाच्या ओघात. पत्र आणि ती रुग्णवाहिका यांच्यामध्ये 39 दिवस गेले होते. त्या काळात जिल्ह्यात आढावा बैठका झाल्या, प्रेसनोटा निघाल्या, पत्रकार परिषदा झाल्या. यंत्रणा सज्ज असल्याचे सांगितले गेले आणि आपण ते छापले.

साथीच्या काळात पत्रकार अधिकाऱ्यांना पुरेसे कठोर प्रश्न विचारतात का, या प्रश्नाला बीड जिल्ह्यापुरते माझे उत्तर असे आहे: पहिला प्रश्न विचारला जातो, बऱ्याचदा धीटपणे विचारला जातो, पण उत्तर मिळाले की विषय तिथेच संपतो. ‘दोषींवर कारवाई करू’, ‘चौकशी समिती नेमली आहे’, ‘साठा पुरेसा आहे’ ही उत्तरे नसतात, ती वेळ मारून नेण्याची वाक्ये असतात, हे ऐकणाऱ्यालाही कळते. तरी त्यानंतरचा प्रश्न येत नाही. कागद कुठे आहे? तो कोणाच्या टेबलावर किती दिवस होता? हा आकडा कोणत्या नोंदवहीतून काढला? सहा महिन्यांपूर्वी तुम्ही जे सांगितले होते त्याचे काय झाले? सार्वजनिक आरोग्यात माणसे मरतात ती या दुसऱ्या प्रश्नाच्या अभावी, आणि पुढच्या साथीतही हेच होईल अशी मला भीती वाटते.

कोरोनाच्या दिवसांत जिल्ह्याजिल्ह्यांत बातमी कशी तयार होत होती ते आठवून पाहा. दुपारनंतर व्हॉट्सॲपवर अहवाल यायचा. इतके नमुने, इतके बाधित, इतके बरे, इतके मृत्यू, खाली तालुकावार यादी. आष्टी, पाटोदा, गेवराई, केज, परळी, प्रत्येकापुढे आकडा. तो जसाच्या तसा पुढच्या ग्रुपवर जायचा आणि सकाळी छापून यायचा. याच अहवालातल्या ‘मृत्यू’ या रकान्याला तपासायला तीन जागा हाताशी होत्या: रुग्णालयाची नोंद, स्मशानभूमीची वही आणि नगरपालिकेचा जन्ममृत्यू विभाग. एप्रिल 2021 च्या अखेरीस बीड आणि अंबाजोगाईतल्या अंत्यविधींची संख्या व प्रशासनाने जाहीर केलेले मृत्यू यांत तफावत असल्याचे बातम्यांतून पुढे आले, म्हणजे ही तपासणी शक्य होती आणि ती करणारे पत्रकार इथेच होते. पण ते काम रोजचे झाले नाही, एका बातमीपुरते राहिले. जूनमध्ये राज्याने मागचे सुटलेले मृत्यू हजारोंच्या संख्येने यादीत घातले. त्याला ‘पोर्टलवरील अद्ययावतीकरण’ म्हटले गेले. मार्च-एप्रिलमध्ये माणसे रोजचा आकडा वाचून लग्नाला जायचे की नाही हे ठरवत होती. त्यांच्या हाती जून महिन्यातल्या दुरुस्तीने काही लागले नाही.

शेजारच्या गुजरातेत त्याच दिवसांत काय घडले ते इथे सांगायला हवे. ‘संदेश’ या दैनिकाने अहमदाबादच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या शवागारापुढे वार्ताहर उभे केले आणि बाहेर येणारे मृतदेह मोजले. ‘दिव्य भास्कर’ने 14 मे 2021 रोजी पहिल्या पानावर मृत्यूच्या दाखल्यांचा हिशेब मांडला. 1 मार्च ते 10 मे या काळात राज्यात 1,23,871 दाखले दिले गेले होते. आदल्या वर्षी त्याच काळात 58,068. आणि सरकारच्या लेखी त्या काळातले कोरोनाचे बळी 4,218. त्या बातमीत कोणावर आवाज चढवलेला नव्हता. सरकारनेच दिलेला एक कागद सरकारच्याच दुसऱ्या कागदाशेजारी ठेवला होता. मी ज्याला कठोर प्रश्न म्हणतो तो हा. दाखले देणारे कार्यालय प्रत्येक तालुक्याच्या गावी आहे.

भीतीचे कारण नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. मार्च 2020 मध्ये राज्याने 1897 चा साथरोग कायदा लागू केला आणि त्याखालच्या नियमावलीत कोरोनाविषयीची माहिती खातरजमा व सक्षम अधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी यांशिवाय प्रसारित करू नये, असे कलम घातले. जिल्ह्यात हा सक्षम अधिकारी म्हणजे जिल्हाधिकारी. ज्याला प्रश्न विचारायचा त्याच्याचकडून परवानगी घ्यायची अशी ही रचना होती. 31 मार्चला सर्वोच्च न्यायालयाने माध्यमांनी अधिकृत माहितीचा हवाला द्यावा असे सांगितले. मुक्त चर्चेत हस्तक्षेप करण्याचा हेतू नाही, हेही त्याच आदेशात होते, पण खाली झिरपला तो पहिलाच भाग. एप्रिलच्या मध्यात शेजारच्या उस्मानाबादेतून ‘एबीपी माझा’चे राहुल कुलकर्णी यांना अटक झाली. रेल्वेच्या एका अंतर्गत पत्रावर आधारलेल्या बातमीमुळे वांद्र्याला मजुरांची गर्दी जमली, असा ठपका होता. त्यांना लगेच जामीन मिळाला. पण तालुक्याच्या गावी बसलेल्या, ओळखपत्रापलीकडे संस्थेचा काही आधार नसलेल्या वार्ताहराने यातून काय धडा घेतला असेल ते सांगायला नको.

अधिकृत माहिती जशीच्या तशी छापली की निदान कोणाचे नुकसान होत नाही, असा एक समज आहे. औरंगाबाद खंडपीठाचा 21 ऑगस्ट 2020 चा निकाल वाचला की तो टिकत नाही. तबलिगी जमातीच्या परदेशी नागरिकांवर अहमदनगर जिल्ह्यात नोंदवलेले गुन्हे न्यायमूर्ती नलावडे आणि न्यायमूर्ती सेवलीकर यांच्या पीठाने रद्द केले आणि साथीच्या काळात बळीचा बकरा शोधला जातो, या लोकांना तसे केले गेले, असे म्हटले. माध्यमांनी चालवलेल्या प्रचारावरही त्या निकालात ताशेरे आहेत. पोलिसांनी आणि प्रशासनाने सांगितले ते माध्यमांनी पुढे केले. त्याची झळ मराठवाड्यातल्या गावोगावच्या मुसलमान भाजीवाल्यांना, फेरीवाल्यांना बसली, आणि त्यांच्यासाठी कुठलीही दुरुस्ती छापून आली नाही.

कोरोना मात्र दिसणारे संकट होते. बीडचे मोठे दुखणे न दिसणाऱ्या संकटांचे आहे, आणि तिथे दुसऱ्या प्रश्नाची गरज कितीतरी जास्त होती.

ऊसतोड महिलांच्या गर्भाशयांचा विषय घ्या. एप्रिल 2019 मध्ये ‘बिझनेसलाइन’ने वंजारवाडीची बातमी दिली आणि देश हादरला. गावाला हे ठाऊक होते. बायका एकमेकींत ‘पिशवी काढली’ असे सहज म्हणत होत्या, जसे दात काढला म्हणावे तसे. अंगावरून पांढरे जाते, पोट दुखते म्हणून बाई खासगी दवाखान्यात जायची. सोनोग्राफी व्हायची, ‘पिशवी खराब आहे, पुढे कॅन्सर होईल’ असे सांगितले जायचे. मुकादमाकडून उचल घेतली जायची आणि ऑपरेशन व्हायचे. नवराबायको मिळून एक कोयता. एकाने खाडा केला तर दिवसाला पाचशे रुपये दंड. फडावर न्हाणी नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांतही पहाटे चारला मोळी बांधायची. अशा आयुष्यात पिशवी ही अडचण वाटू लागते. मनीषा तोकले यांच्यासारखे कार्यकर्ते या बायकांत वर्षानुवर्षे काम करत होते. म्हणजे माहिती जिल्ह्यात होती. तिला बातमीचे मोल यायला बाहेरचे इंग्रजी वृत्तपत्र लागले.

मग आकडे यायला लागले. जून 2019 मध्ये तत्कालीन आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितले की बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशये काढली गेली. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत 13,861 जणींची गर्भाशये काढलेली आढळली. डिसेंबरमध्ये मंत्री नितीन राऊत यांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात मराठवाड्यातल्या अशा महिलांची संख्या सुमारे 30,000 असल्याचे म्हटले. हे तिन्ही आकडे छापून आले, तिन्हींवर मथळे झाले. ते एकमेकांशेजारी ठेवून त्यांचा अर्थ लावलेला मला फारसा कुठे दिसला नाही.

तो अर्थ लावणे अवघड नव्हते. 4,605 ही तीन वर्षांतली शस्त्रक्रियांची संख्या आहे, ती खासगी रुग्णालयांतली आहे आणि त्यातली प्रत्येक बाई ऊसतोड कामगार असेलच असे नाही. 13,861 ही आजवर कधीही, कुठेही शस्त्रक्रिया झालेल्या बायकांची संख्या आहे आणि ती फक्त ऊसतोड महिलांतली. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकतात. पण दुसऱ्यातून जे दिसते ते भयंकर आहे: शंभरांत जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशभरातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांत हे प्रमाण शंभरी तीनच्या आसपास होते. वयोगट तंतोतंत सारखे नसतील, तरी हा फरक वयाने भरून निघणारा नाही. इथून पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. 99 रुग्णालयांत या शस्त्रक्रिया सारख्या वाटल्या गेल्या होत्या, की थोड्याच रुग्णालयांत एकवटल्या होत्या? काढलेली पिशवी तपासणीला पाठवली होती का, आणि त्या अहवालांत खरा आजार किती जणींत निघाला? तिशीच्या आतल्या किती? कोणत्या योजनेतून बिल दिले गेले? हे सगळे कागदावर असते. ज्या रुग्णालयांकडे ते कागद नसतील त्यांच्याविषयीची बातमी त्याहून मोठी.

त्यानंतर जिल्ह्यात खासगी रुग्णालयांनी गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी असा दंडक आला. प्रशासनाने काही काळाने शस्त्रक्रिया घटल्याचे सांगितले, तेही छापले गेले. परवानगी लागू झाल्यावर नोंदलेल्या शस्त्रक्रिया घटणारच. खऱ्या घटल्या का, की बायका शेजारच्या जिल्ह्यांत जाऊ लागल्या, हे विचारल्याशिवाय ‘घट’ हा शब्द छापायला नको होता. जून 2025 मध्ये पुन्हा एक आकडा आला: ऊसतोडीला गेलेल्या महिलांपैकी 843 जणींची गर्भाशये काढलेली. या 843 शस्त्रक्रिया एका वर्षातल्या, की आजवरच्या? मथळ्यांवरून कळत नव्हते. आजवरच्या असतील तर 2019 च्या पाहणीतल्या 13,861 बायका गेल्या कुठे? आणि एका वर्षातल्या असतील तर त्या परवानगीच्या दंडकाचे काय झाले? दोन्हींपैकी कोणतेही उत्तर प्रशासनाला अडचणीत आणणारे आहे.

2024 च्या मार्चमध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ आणि ‘फुलर प्रोजेक्ट’ यांनी बीडच्या याच बायकांवर मोठा वृत्तांत दिला. त्यात नवी गोष्ट होती ती दिशा. डॉक्टरवरून मुकादमावर, मुकादमावरून कारखान्यावर, कारखान्यावरून ती साखर घेणाऱ्या बहुराष्ट्रीय कंपन्यांवर, असा प्रश्न वर चढत गेला होता. आपल्या बातम्या डॉक्टरपाशी थांबतात, फार तर मुकादमापर्यंत पोहोचतात. कारखान्याचे नाव घ्यायची वेळ आली की लेखणी अडते. याची कारणे मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाहीत. कारखान्याचा अध्यक्ष, जिल्ह्याचा नेता आणि अंकाचा जाहिरातदार ही बऱ्याचदा एकच व्यक्ती असते.

परळीच्या डॉ. सुदाम मुंडे प्रकरणातही वेळेचा हिशेब असाच आहे. 2010 साली वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’ने त्याच्या रुग्णालयात सापळा रचून गर्भलिंगनिदान उघडकीस आणले. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे 807 मुली निघाल्या. 2001 मध्ये त्या 894 होत्या. तरी रुग्णालय चालू राहिले. मे 2012 मध्ये तिथे गर्भपातात एका बाईचा जीव गेला तेव्हा सगळे हलले. सापळ्यानंतर हे रुग्णालय कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने चालू राहिले, सोनोग्राफी यंत्राचे सील कोणी उघडून दिले, सोनोग्राफीच्या नोंदींचे ‘एफ फॉर्म’ कोण तपासत होते, हे 2010 ते 2012 मध्ये दर महिन्याला विचारण्याचे प्रश्न होते. जून 2022 मध्ये बक्करवाडीतल्या एका बाईचा बेकायदा गर्भपातात मृत्यू झाला आणि आरोपींत अंगणवाडी सेविका निघाली. दहा वर्षांत यंत्रणा किती सुधारली, हे त्या एका अटकेने सांगितले.

वार्ताहराच्या बाजूने जे म्हणायचे ते मी मनापासून म्हणतो. जिल्ह्यात दैनिके भरपूर, पगार नगण्य. तालुक्याच्या प्रतिनिधीला मानधनापेक्षा जाहिरातीच्या कमिशनवर घर चालवावे लागते. त्या जाहिराती येतात सरकारी कार्यालयांकडून, पुढाऱ्यांच्या वाढदिवसांतून आणि खासगी रुग्णालयांच्या वर्धापनदिनांतून. ज्यांना प्रश्न विचारायचे तेच दिवाळी अंकाच्या मलपृष्ठाचे पैसे देतात. शिवाय डिसेंबर 2024 मध्ये मस्साजोगच्या सरपंचाची हत्या झाली, त्यानंतर या जिल्ह्यात बोलण्याची किंमत काय असते ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. राज्याने 2017 मध्ये पत्रकार संरक्षण कायदा केला. पण तो हल्ला झाल्यानंतर उपयोगी पडतो, पोटापाण्याच्या दबावावर त्याच्याकडे उपाय नाही. अशा स्थितीत एकट्या वार्ताहराला धैर्याचे धडे देणे अन्याय्य आहे. प्रश्नाचा भार संपादकांनी आणि मालकांनी उचलायचा असतो. मुंबई-पुण्यात बसलेल्या मोठ्या दैनिकांचा त्यात सर्वांत मोठा वाटा आहे, कारण बीडच्या एखाद्या रुग्णालयाची जाहिरात गेल्याने त्यांचे काही अडत नाही.

एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. साथीत अधिकाऱ्यांवर सतत शंका घेतली तर लोकांचा लसीवरचा, औषधावरचा, सरकारी दवाखान्यावरचा विश्वास उडतो, असे डॉक्टर मंडळी म्हणतात. गावोगाव लसीविषयी ज्या अफवा फिरल्या त्या पाहता ही भीती निराधार नाही. पण 1897 च्या पुण्याकडे पाहावे. प्लेगच्या बंदोबस्तात रँडच्या सोल्जरांनी घराघरांत जे केले त्यावर ‘केसरी’ने कठोर टीका केली. टिळक त्याच वेळी पुणे न सोडता राहिले आणि हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढे होते. रुग्णाला वेगळे ठेवावे, उपचार घ्यावेत, याला त्यांचा विरोध नव्हता. ते कसे आणि कोणाच्या अब्रूच्या किमतीवर होते आहे, यावर त्यांचा आक्षेप होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ज्या कायद्याखाली 2020 मध्ये आपल्याला पूर्वपरवानगी मागायला सांगितले गेले तो त्याच प्लेगमधला कायदा आहे. लोकांचा विश्वास उडतो तो खोटा आकडा उघडा पडल्यावर. अंबाजोगाईत ज्यांनी आपली माणसे त्या रुग्णवाहिकेत पाहिली, त्यांना त्यानंतर रोजच्या अहवालावर विश्वास ठेवा असे कोणत्या तोंडाने सांगायचे होते?

पुढची साथ कोणती असेल ते ठाऊक नाही, पण बीडमध्ये ऊसतोडीचा हंगाम दरवर्षी ठरलेल्या वेळी येतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या टायरगाड्या भरून निघतात, त्याआधी बायकांची आरोग्य तपासणी होते. पाठोपाठ तिचा अहवाल येतो आणि पत्रकार परिषद होते. यंदाच्या त्या परिषदेत जिल्हा शल्यचिकित्सकांकडे चार गोष्टी मागता येतील. गेल्या बारा महिन्यांत गर्भाशय काढण्याच्या परवानगीसाठी किती अर्ज आले, किती नाकारले, मंजूर झालेले रुग्णालयनिहाय किती, आणि त्यांतल्या किती बायका पस्तिशीच्या आतल्या. बाईचे नाव द्यायची गरज नाही, रुग्णालयाचे मात्र हवे. तोंडी उत्तर मिळाले तर तिथेच माहितीच्या अधिकाराचा अर्ज द्यावा, आणि पट्टा पडून टोळ्या गावी परततील तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, त्याच अधिकाऱ्याच्या दालनात तोच कागद घेऊन पुन्हा जावे. अधिकारी बदलून गेला असेल तर नव्या अधिकाऱ्याला विचारावे.